'कसं झालं?' : आघात, कथन आणि सावरणे

१

'ट्रॉमा' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'आघात' हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जखम' असा होता आणि ती जखम शरीराची होती; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही संज्ञा मनाच्या जखमेसाठीही वापरली जाऊ लागली. 'आघात' हा शब्द मात्र जखमेकडे नव्हे, तर जखम करणाऱ्या प्रहाराकडे निर्देश करतो. प्रहार ही एक घटना असते. ती घडते आणि संपते. बोलीतले शब्द याहून वेगळे आहेत. माणूस 'धसका घेतो', 'हाय खातो'. या दोन्ही प्रयोगांत बाहेरून आलेली गोष्ट माणूस आत घेतो आणि ती आत राहते. ती किती काळ राहील याची कोणतीही मुदत या शब्दांनी घातलेली नाही.

बरे होण्याविषयीचे शब्दही असेच पाहण्यासारखे आहेत. शासकीय मराठीत 'पुनर्वसन' होते, वैद्यकीय मराठीत रुग्ण 'पूर्ववत' होतो. घरात मात्र आपण 'सावरली' असे म्हणतो. सावरलेला माणूस पूर्वीसारखा झालेला असतोच असे नाही. पडता पडता त्याने तोल धरलेला असतो, इतकेच. शिवाय या क्रियापदाची रचना दुहेरी आहे. 'ती सावरली' असेही म्हणता येते आणि 'तिला सावरले' असेही. सावरण्याच्या क्रियेचा कर्ता नेमका कोण, ती व्यक्ती की तिच्या भोवतालची माणसे, हा प्रश्न भाषेने मोकळा ठेवला आहे.

आघातविषयक साहित्यविचाराने हाच प्रश्न फार लवकर मिटवून टाकला, असे मला वाटते. प्रस्तुत निबंधात मी तो पुन्हा उघडून पाहणार आहे. त्यासाठी माझ्या घरातल्या एका व्यक्तीविषयी लिहावे लागेल. ती व्यक्ती आता हयात नाही. तिने जे सांगितले त्यातले किती लिहावे, हाही या निबंधाच्या विषयाचाच एक भाग आहे.

२

या विचारव्यूहाची वाटचाल परिचित आहे. तिची केवळ उजळणी करतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तीच ती भयानक स्वप्ने पुन्हा पुन्हा का पडतात, या प्रश्नाने फ्रॉइडला १९२० साली आपल्या सुखतत्त्वाच्या सिद्धांताचा फेरविचार करावा लागला. १९३९ च्या 'मोझेस अँड मोनोथिइझम' या ग्रंथात त्याने रेल्वे अपघाताचे उदाहरण दिले आहे. माणूस अपघातस्थळावरून वरकरणी धडधाकट निघून जातो आणि लक्षणे काही आठवड्यांनी प्रकट होतात. अनुभव आणि त्याची जाणीव यांच्यातल्या या अंतरावरच कॅथी कॅरुथ यांनी १९९६ साली 'अनक्लेम्ड एक्स्पिरिअन्स' या ग्रंथाची उभारणी केली. दरम्यान १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांच्या पार्श्वभूमीवर आघातोत्तर तणाव-विकृतीला अधिकृत निदानाचा दर्जा दिला होता. १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांचे 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' आणि शोशाना फेलमन व डोरी लाउब यांचे 'टेस्टिमनी' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण आणि शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे.

यातला प्रत्येक विचारवंत त्याच्या अनुयायांपेक्षा सावध आहे, हे मान्य केले पाहिजे. हर्मन यांनी सुरक्षितता स्मरणाच्या आधी ठेवली. ऐकणाऱ्याशिवाय साक्ष घडतच नाही, असे लाउब यांनी आग्रहाने सांगितले. पण सिद्धांत पदव्युत्तर वर्गात पोहोचेपर्यंत त्याचे सूत्र होते. गेल्या अनेक वर्षांत जे प्रबंधिका-आराखडे माझ्यासमोर आले, त्यांतले सूत्र असे : मौन हे लक्षण, तुटक निवेदन हा पुरावा आणि बोलणे हा उपचार. या सूत्राने वाचू लागले की कोणतीही संहिता आपले म्हणणे सिद्ध करते. पात्र बोलत नसेल तर ते आघातग्रस्त असते आणि बोलले तर सावरलेले असते. ज्या सिद्धांताला प्रतिकूल उदाहरण सापडूच शकत नाही त्याच्याकडे समीक्षकाने थोडे संशयाने पाहणे आवश्यक आहे.

मानसशास्त्राने स्वतः हे सूत्र बरेच मागे सोडले आहे. आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत, अनुभव तपशीलवार वदवून घेण्याची एक पद्धत १९८० नंतर पुष्कळ रूढ झाली होती. तिच्यामुळे पुढील विकृती टळते असा पुरावा पद्धतशीर परीक्षणांत मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत तर कोणालाही अनुभव सांगण्याची गळ घालू नये, असेच सुचवले आहे. जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ साली दाखवून दिले की मोठ्या हानीनंतरही बहुसंख्य माणसांचे दैनंदिन व्यवहार टिकून राहतात आणि ज्याने शोक उघड केला नाही त्याच्या मनात काही दडपलेलेच आहे, असे समजण्याला आधार नाही. बोलणे हा सर्वांवरचा एकच उपचार नव्हे, ही गोष्ट दवाखान्यात मान्य झाली आहे. साहित्याच्या वर्गात ती अजून यायची आहे.

३

३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी हे नाव त्या दिवशी जगभर पोहोचले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. या भागातली घरे माळवदाची. जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर लाकडांवर मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात गारवा देणारे ते छतच माणसांवर आले. सुमारे ८ हजार माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे.

माझी आत्या तेरणेकाठच्या एका गावात दिलेली होती. त्या पहाटे तिचा नवरा, सासू आणि दोन लेकरे गेली. तिला दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढले. काही महिने ती गावाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि नंतर माझे वडील तिला लातूरला आमच्या घरी घेऊन आले. मी तेव्हा नुकताच अध्यापनाला लागलो होतो.

ती आमच्याकडे पंचवीस वर्षे राहिली. पहिली काही वर्षे ती छताखाली झोपली नाही. पाऊस असला तर दाराच्या उंबऱ्याशी अंथरूण घाली. रात्री कोणत्याही दाराला कडी लावू देत नसे. याखेरीज तिच्या वागण्यात वावगे काही नव्हते. ती पहाटे उठे, भाकऱ्या करी, डाळ निवडी, भावंडांच्या मुलांना न्हाऊ घाली, हसतही असे. त्या रात्रीविषयी मात्र बोलत नसे. शेडमध्ये असताना समुपदेशनासाठी आलेल्या एका पथकाला तिने 'आता सगळं चांगलं हाय' असे सांगून परत पाठवले होते. माझ्या हातात त्या काळात आघातविषयक पुस्तके येऊ लागली होती आणि प्रत्येक पानावर मला ती दिसत असे. पुस्तकांप्रमाणे पाहिले तर ती अडकलेली होती. घरातल्या माणसांप्रमाणे पाहिले तर ती सावरत होती. ही दोन्ही वर्णने एकाच स्त्रीची होती आणि यांपैकी कोणते खरे, हे मला ठरवता येत नव्हते.

ती बोलत नव्हती हे खरे; पण तिला विचारले काय गेले होते? भूकंपानंतर त्या गावांत जे जे कोणी गेले त्यांचा पहिला प्रश्न एकच होता : 'घरातले किती गेले?' तो तलाठ्याचा होता, वार्ताहराचा होता, मदत वाटणाऱ्याचाही होता. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पंचनामा झाल्याखेरीज अनुदान नाही आणि आकड्याखेरीज पंचनामा नाही. पण 'किती' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. आत्या 'चार' म्हणे आणि समोरचा माणूस लिहून घेऊन पुढच्या शेडकडे वळे. एरवी आपल्याकडे मृत्यूच्या घरी जो प्रश्न विचारला जातो तो वेगळा आहे.

४

मृत्यूच्या घरी भेटायला आलेले माणूस थोडा वेळ गप्प बसते आणि मग विचारते, 'कसं झालं?' हा प्रश्न माहितीसाठी नसतो. विचारणाऱ्याला बहुधा सगळे आधीच कळलेले असते. तरीही तो विचारावा लागतो आणि घरातल्याने तो वृत्तान्त पहिल्यापासून सांगावा लागतो. रात्री काय जेवले, कोणाला हाक मारली, शेवटचे काय बोलले. पुढचा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. राख सावडण्यापासून तेराव्यापर्यंत हा वृत्तान्त कित्येक वेळा सांगितला जातो. पहिल्या दिवशी तो तुटतो, रडण्यात बुडतो, क्रम चुकतो. दहाव्याच्या सुमारास त्याला एक आकार आलेला असतो. तोवर सांगणाऱ्याला तो सांगता येतो, म्हणजे त्याच्यापासून किंचित बाजूला उभे राहता येते. ज्याला आपण रूढी म्हणतो ती येथे कथनाची एक कार्यशाळाच असते. आणि तीत आणखी एक गोष्ट असते : आज ऐकणारा उद्या सांगणारा होणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. लाउब यांच्या विवेचनातला श्रोता हा मुळात विश्लेषक आहे. तो ऐकतो, पण त्याची पाळी येत नाही. दुखवट्याच्या बैठकीत मात्र सर्वांचीच पाळी येते.

१९९३ साली तेरणेकाठी जे कोसळले त्यात ही व्यवस्थाही होती. भेटायला यायचे त्यांच्याच घरी भेटायला जायची वेळ आली होती. भावकी, शेजार, सोयरे सगळेच एका रात्रीत शोकाचे धनी झाले. पाहुणा व्हायला कोणी उरले नाही. प्रेते एकत्र जाळावी लागली. त्यामुळे कोणाची राख कोणती हे कळण्याचा मार्ग नव्हता. आत्याचा अनुभव 'अनिर्वचनीय' होता, असे मी म्हणणार नाही. तो सांगण्याची जागा, मुदत आणि समोरचा माणूस, ही तिन्ही एकाच वेळी नाहीशी झाली होती.

२००४ साली माझे वडील गेले. आई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. म्हणून आतल्या खोलीत येणाऱ्या बायकांना वृत्तान्त सांगण्याचे काम थोरली बहीण या नात्याने आत्याकडे आले. मी बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळींबरोबर बसत असे आणि मधल्या दारातून तिचा आवाज ऐकू येई. चौथ्या दिवशी तिच्या सासरच्या गावची एक बाई आली. तीही त्या रात्रीतून वाचलेली. तिने विचारले, 'कसं झालं?' आत्याने माझ्या वडिलांचा वृत्तान्त सुरू केला. दवाखाना, ऑक्सिजन, पहाटेची वेळ. पहाटेपाशी ती थांबली आणि मग ज्या पहाटेविषयी सांगू लागली ती २००४ ची नव्हती.

त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत तिने ती रात्र मी मोजल्याप्रमाणे पाच वेळा सांगितली. दर वेळी तिने भावाच्या मृत्यूपासूनच आरंभ केला, जणू तिला त्या दारानेच आत जाता येत होते. साहित्याच्या अभ्यासकाच्या सवयीने मी त्यातले पाठभेद मनात नोंदवत गेलो. पहिल्या कथनात सुरुवात आवाजापासून होती. आवाज, अंधार, तोंडात माती. आणि त्यात दुसरे कोणीही नव्हते. दुसऱ्या कथनात सुरुवात आदल्या संध्याकाळी गेली. मिरवणुकीत लेझीम खेळून आलेला मुलगा डोक्यातल्या गुलालासकट झोपायला निघाला होता आणि आत्या त्याला 'ऱ्हाऊ दे, उद्या धू' असे म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी त्याला पाहिले तेव्हा गुलाल तसाच होता. तिसऱ्या कथनात तिला बाहेर काढणारा माणूस आला. तो गावाच्या खालच्या आळीतला होता. त्याच्या घरचे पाणी तिच्या सासरी कधी चालले नव्हते आणि त्या दुपारी तिने पहिला घोट त्याच्याच हातून घेतला. पाचव्या कथनात त्याचीही माणसे आली. तिला वर काढण्यापूर्वी त्याने स्वतःचे कोण कोण काढले होते, हे तिने नावानिशी सांगितले. मग म्हणाली, 'त्याला कुणी इचारलं असंल का गं, कसं झालं म्हणून?'

आघाताची स्मृती अक्षरशः, जशीच्या तशी परत येते, तिच्यात पाठभेद नसतो, असे कॅरुथ यांच्या विवेचनाचे एक गृहीतक आहे. रूथ लेइस यांनी २००० साली 'ट्रॉमा : अ जीनिॲलॉजी' या ग्रंथात त्याची कठोर चिकित्सा केली आहे. मला त्या वादात निर्णय द्यायचा नाही. आत्याची स्वप्ने जशीच्या तशी येत असतील. मला ती माहीत नाहीत. पण तिचे कथन दर वेळी बदलले आणि बदल एकाच दिशेने झाला. एकटी स्त्री आणि आवाज येथून निघून ते माणसांनी भरत गेले. त्यात मुलगा आला, पाणी देणारा आला, त्याचे मेलेले आले. शेवटी ती स्वतःच विचारणारी झाली. सावरणे या शब्दाचा काही अर्थ मला लागला असेल तर तो या पाठभेदांत लागला. तेरावा झाला, पाहुणे गेले आणि तिने तो विषय बंद केला. उंबऱ्याशी झोपणे मात्र तिने पुढेही सोडले नाही.

५

एवढ्यावरून परंपरेच्या गुणगानाकडे वळण्याचा मोह होण्याचा संभव आहे. तो आत्याच्याच शेवटच्या प्रश्नाने अडवला आहे. 'कसं झालं?' हा प्रश्न आपला समाज सर्वांना विचारत नाही. घराघरातल्या मारहाणीची, बलात्काराची भेट घ्यायला कोणी येत नाही. जातीने रोज होणाऱ्या अवमानाला तेरावा नसतो, कारण तो एकदा होऊन संपत नाही. 'पूर्वी ठीक होते, मग आघात झाला' या रचनेतला 'पूर्वी' त्या आयुष्यांत सापडत नाही. पाश्चात्त्य आघातविचार एका घटनेभोवती रचलेला असल्यामुळे तो येथे अपुरा पडतो, हे आपण म्हणतो ते बरोबरच आहे. पण दुखवट्याची आपली बैठकही तेथे अपुरीच पडते, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

मराठीतील दलित आत्मकथनांकडे या बाजूने पाहिले तर त्यांचे कार्य वेगळे दिसते. १९७८ साली 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा दया पवारांना 'कसं झालं?' असे विचारणारा पांढरपेशा वाचक आधीपासून बसलेला नव्हता. त्या पुस्तकाने तो घडवला. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्याचे लिहिलेले कागद आपण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, असे बेबीताई कांबळे यांनी मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे येथे अडचण शब्दांची नव्हती. लिहिलेले होते, ते समोर ठेवावे असे माणूस नव्हते. आणि अशी पुस्तके आल्यावर आपल्या समीक्षेने विचारलेला पहिला प्रश्न काय होता? ही कलाकृती आहे की दस्तऐवज? असे आणखी किती दिवस? तेही एका अर्थी 'किती'चेच प्रश्न होते. मांडी घालून बसण्याआधीच उठण्याची तयारी त्यांत होती.

प्रीमो लेवी यांनी १९४७ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात छळछावणीतले एक स्वप्न नोंदवले आहे. ते घरी परतले आहेत, आपल्या माणसांत बसून सर्व काही सांगत आहेत, पण कोणाचे लक्ष नाही. बहीण त्यांच्याकडे पाहते आणि एक शब्दही न बोलता उठून जाते. छावणीतल्या इतरांनाही असेच स्वप्न पडते, हे त्यांना पुढे कळले. या स्वप्नात सांगणाऱ्याची वाचा गेलेली नाही. त्यात भय आहे ते ऐकणाऱ्याने उठून जाण्याचे. आघाताच्या अनिर्वचनीयतेविषयी आपण इतके लिहिले; ऐकणाऱ्याच्या उठून जाण्याविषयी त्या मानाने फार थोडे लिहिले. पहिल्यात दोष अनुभवाच्या स्वरूपाचा ठरतो, दुसऱ्यात तो आपल्याकडे येतो, हे त्याचे एक कारण असावे.

२०११ साली माझ्याकडे एम.फिल. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने भूकंपग्रस्त स्त्रियांच्या मौखिक कथनांवर काम करण्याचे ठरवले आणि आत्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी मागितली. मुलगी समंजस होती, वाचन उत्तम होते. परवानगी देणारा मी कोणी नव्हतो. मी आत्याला विचारले. ती डाळ निवडत होती. तिने थोडा विचार केला आणि विचारले, 'तिच्या घरचं कुणी गेलंय का?' मी म्हणालो, तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. 'मग तिला म्हणावं ये. तिचं बी इचारते.'

मुलगी आली. ध्वनिमुद्रण यंत्र तिने पिशवीतून काढलेच नाही. दोघी आतल्या खोलीत दुपारभर बसल्या होत्या. त्या प्रबंधिकेत आत्याचे कथन नाही. आहे ते त्या अनुपस्थितीविषयीचे एक प्रकरण : साक्ष मागणाऱ्याकडून साक्षीदाराची काय अपेक्षा असते, या प्रश्नावर. मौखिक परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'मूळ सामग्री कोठे आहे?' असे विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की ती देवाणघेवाणीत मिळालेली असल्यामुळे तिला एकटीला देता येत नाही. गुण थोडे कमी पडले.

आत्या २०१९ साली गेली. तिच्या पाच कथनांतले जेवढे माझ्या युक्तिवादाला आवश्यक होते तेवढेच मी येथे उतरवले आहे. बाकीचे मला मधल्या दारातून ऐकू आले होते. ते मला सांगितलेले नव्हते. आघातविषयक संहिता शिकवताना हा फरक मी आता वर्गात आरंभीच मांडतो. ही संहिता कोणाला उद्देशून आहे, तिच्यासमोर कोण बसलेले तिने कल्पिले आहे आणि त्या जागी बसण्याची आपली तयारी किती आहे, याची उत्तरे विद्यार्थ्यांनी आधी लिहून आणायची. लक्षणांची यादी त्यानंतर. पुष्कळदा ती करण्याची गरज उरत नाही.